चार गुणांचं भांडण

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री गोव्यात, फोंड्यातल्या एका घरात दोन पडदे एकदम चालू होते. टीव्हीवर नीरज चोप्रा, मोबाइलवर बास्केटबॉल. भालाफेकीची अंतिम फेरी बाराला पाच कमी असताना सुरू झालेली आणि पॅरिसच्या बेर्सी अरीनातला ऑलिंपिकचा अमेरिका-सर्बिया उपांत्य सामना आपल्या साडेबाराला. नीरज धावपट्टीवर आला की सगळ्यांच्या माना टीव्हीकडे, त्याचा फाउल झाला की मोबाइलकडे. अर्शद नदीम ९२.९७ मीटर, नीरज ८९.४५. रौप्य पक्कं झालं, कोणीतरी सुस्कारा सोडला, रिमोट फिरला, आणि बघतो तर सर्बिया पुढे.

घर आमच्या बँकवाल्याचं. बँकेत नोकरीला आहे म्हणून बँकवाला. त्याला नावानं हाक मारणारी आता फक्त त्याची आई उरली आहे. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. वहिनींनी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसून वर्तमानपत्रावर पसरून ठेवली होती, आणि ज्याला सोफ्यावर जागा मिळाली नाही तो त्या पानांना धक्का न लावता मांडी घालून बसला होता. आम्ही सातजण. निवृत्त पीटी सर, ज्यांच्या शिट्टीवर आमच्यातले निम्मे हा खेळ शिकले. माझा भाचा, फर्मागुढीला इंजिनिअरिंगला. वास्कोचा एक मित्र, मूळचा फुटबॉलवाला, पण रात्री जागायला कधीही तयार. मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक शेजारी. वहिनी स्वतः, ज्या विद्यापीठाच्या संघातून खेळल्या आहेत. त्या खोलीत सगळ्यांत चांगलं बास्केटबॉल त्याच खेळलेल्या आणि सगळ्यांत कमी त्याच बोलत होत्या. आणि मी. बाजारात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवतो, संध्याकाळी एका शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो.

दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरपैकी तिसरं संपलं तेव्हा टीव्हीवर आकडे होते ७६-६३. सर्बिया तेरा गुणांनी पुढे. शेजारी उठला, म्हणाला, "संपलं हे, मला सकाळी दुकान उघडायचंय." चप्पल घालून गेला. आणि चौथं क्वार्टर सुरू व्हायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. बाहेर पाऊस धो धो. वायफाय बंद, मोबाइलवर चक्र फिरतंय, सहा डोकी एका छोट्या पडद्यावर. चित्र अडकायचं, सुटायचं, तेव्हा चार गुण इकडचे तिकडे झालेले असायचे. वीज आली तेव्हा अमेरिकेचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते.

हे इतकं सविस्तर लिहिण्यामागे कारण आहे. पुढचे तीन आठवडे ज्या दहा मिनिटांवर आम्ही कडाकडा भांडलो, ती दहा मिनिटं आमच्यापैकी एकानंही धड पाहिलेली नव्हती. शेजाऱ्यानं तर अजिबात नाही, आणि सर्वांत ठाम मत त्याचंच होतं.

झालं काय होतं

अमेरिका ९५, सर्बिया ९१. सर्बियाच्या बाजूनं क्वार्टर मोजले तर ३१-२३, २३-२०, २२-२० आणि शेवटचं १५-३२. मध्यंतराला ते अकरानं पुढे होते, एका टप्प्यावर तर सतरानं. स्टीफन करीनं ३६ गुण केले, नऊ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारून. अमेरिकेच्या पुरुष खेळाडूनं ऑलिंपिकच्या एका सामन्यात याहून जास्त गुण केलेत ते फक्त कार्मेलो अँथनीनं, २०१२ साली, ३७. लेब्रॉन जेम्सचं ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दहा किंवा जास्त: १६ गुण, १२ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), १० असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास). जोएल एम्बीडचे १९. सर्बियाकडून बोगदान बोगदानोविचचे २०, निकोला जोकिचचे १७ आणि ११ असिस्ट, अलेक्सा अव्रामोविचचे १५. साधारण अडीच मिनिटं उरली असताना करीच्या थ्री-पॉइंटरनं अमेरिका ८७-८६ अशी पुढे गेली ती गेलीच.

आणि हे लक्षात घ्या की समोर कोण होतं. जेसन टेटम, त्याच जूनमध्ये बॉस्टनबरोबर एनबीए ही अमेरिकेतली लीग जिंकून आलेला, त्या सामन्यात एक मिनिटसुद्धा मैदानात उतरला नाही. म्हणजे अमेरिकेच्या बाकावर नुसता बसून राहिलेला माणूस जगातल्या जवळपास कुठल्याही संघाचा पहिला खेळाडू झाला असता. सर्बियाची लोकसंख्या सुमारे ६६ लाख, गोव्याच्या साडेचारपट. आमच्याकडे ऑगस्टमध्ये शेवाळ नसलेलं एक कोर्ट सापडलं तरी पुष्कळ.

कोण काय म्हणत होतं

बँकवाला जोकिचभक्त. त्याचं म्हणणं, सर्बियाचा हल्ला आटला. दहा मिनिटांत पंधरा गुण म्हणजे काय खेळ झाला? सरांचं उलट: "बत्तीस दिलेत रे. बत्तीस! हल्ल्याचं काय घेऊन बसलास. मॅच मागं जिंकतात." मागं म्हणजे डिफेन्समध्ये; सरांची ही भाषा आम्हाला शाळेपासून पाठ आहे. भाचा म्हणायचा, "मामा, तीन क्वार्टर त्यांचे लांबचे शॉट पडत होते, चौथ्यात पडले नाहीत. नाणं आहे ते, सारखं छापा कसं पडेल?" वास्कोवाल्याच्या मते मोठ्या संघाला शेवट कसा करायचा ते रक्तातच असतं, फुटबॉलमध्येही तेच. शेजाऱ्यानं खापर पंचांवर फोडलं. त्याच्याविषयी एवढं पुरे.

मी वास्कोवाल्याच्या बाजूचा होतो. शेवटची दोन मिनिटं. तिथंच सामना गेला, तिथंच शिकायचं. मी हे अगदी जोरात सांगत होतो, आणि त्यात माझा स्वार्थ होता.

जुलैच्या अखेरीस आमच्या मुली एका इनडोअर स्पर्धेत मडगावकडच्या एका तगड्या संघाशी तीन गुणांनी हरल्या होत्या. त्या संघाशी आदल्या वर्षी आमची गाठ पडली तेव्हा अर्ध्या वेळेलाच पालकांनी डबे उघडले होते, इतका तो सामना एकतर्फी झाला होता. या वेळी तीन गुण! सामना संपायला थोडा वेळ होता, आम्ही एका गुणानं मागं, आणि आमच्या नऊ नंबरच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे फाउलबद्दल कोणी न अडवता मारायचे शॉट. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसरा तर रिंगलाही लागला नाही. चेंडू त्यांना मिळाला, त्यांनी पलीकडे जाऊन बास्केट केली, संपलं.

त्यानंतर मी काय केलं, तर पावसाची उघडीप मिळाली की कोर्टावरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं आणि मुलींना रांगेत उभं करून फ्री थ्रो मारायला लावायचे. पन्नास-पन्नास. नऊ नंबरला शंभर. शिक्षा नव्हती ती माझ्या मनात. पण पहिल्या आठवड्यानंतर ती यायची थांबली. आईकडून निरोप आला, ट्यूशन आहे.

तेव्हा सर्बिया-अमेरिका सामन्यात मला जे दिसलं ते मला हवं तेच दिसलं. करी शेवटी फ्री थ्रो लाईनवर जातो, शांतपणे दोन्ही टाकतो, खेळ खलास. बघा, हेच तर मी सांगतोय.

रविवारी पुन्हा

गाडं हललं ते भाच्यामुळे. एका रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, सगळा सामना पुन्हा बघूया, थांबवत थांबवत, आणि प्रत्येकानं आपापल्या कागदावर खुणा करायच्या. श्रावण होता, त्यामुळे चौकातल्या गाड्यावरचं रोस ऑम्लेट आमच्यातल्या बहुतेकांना वर्ज्य. मिरची भजी आणि चहा.

पहिलं भांडण 'मोकळा शॉट' म्हणजे काय यावरच झालं. भाच्यानं मोकळा म्हणून टिंब दिलेला शॉट सरांच्या कागदावर 'घाई' होता. बँकवाल्यानं जोकिचचा एकही शॉट वाईट मानला नाही. अर्ध्या तासानं कागद शेजारी शेजारी ठेवले तर तीन माणसांचे तीन हिशेब. शेवटी वहिनींनी आतून येऊन निकाल दिला: शॉट सुटताना बचाव करणाऱ्याचा हात हातभर अंतरात असेल तर बंद, नसेल तर मोकळा, आणि चेंडू आत गेला की नाही ते बघायचंच नाही. हे शेवटचं वाक्य त्या दिवसाचं सगळ्यांत कामाचं निघालं. कारण आम्ही तोवर काय करत होतो? पडलेला शॉट चांगला, न पडलेला वाईट. पहिल्या क्वार्टरमध्ये बोगदानोविचनं हात समोर असताना मारलेल्या शॉटवर टाळ्या, आणि चौथ्यात तसाच शॉट हुकला तर "काय घाई होती रे याला?"

मग मी बिलबुकाच्या मागच्या बाजूला एक साधा हिशेब मांडला, जो पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये सर्बियाचे ७६, म्हणजे क्वार्टरला सरासरी सव्वापंचवीस. चौथ्यात १५. दहाची तूट. अमेरिकेचे ६३, म्हणजे सरासरी २१. चौथ्यात ३२. अकराची वाढ. तेराची आघाडी जाऊन वर चार गुण, म्हणजे सतरा गुणांची पलटी. त्यात आधीच्या तीन क्वार्टरमधली क्वार्टरला सरासरी चारची आघाडी धरली तर एकवीस. यातले दहा हल्ल्याच्या खात्यावर, अकरा बचावाच्या. बँकवाला आणि सर तीन आठवडे एकमेकांशी बोलताना आवाज चढवत होते आणि दोघंही निम्मे निम्मे बरोबर होते. सरांनी बिलबुक हातात घेऊन चष्मा वर करून दोनदा बघितलं. "अकरा जास्त आहेत," ते म्हणाले.

पण ही दोन खाती वेगळीही नाहीत, आणि बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला हे हातापायांना माहीत असतं. लांबून मारलेला शॉट हुकला की चेंडू लांब उडतो. जवळचा हुकला तर रिंगखाली पडतो, तिथं आपली उंच माणसं उभी असतात, परत झडप घालता येते, निदान समोरच्याला अडवता येतं. लांबचा हुकलेला चेंडू फ्री थ्रो लाईनच्या आसपास येऊन पडतो, समोरच्या गार्डच्या हातात, आणि तो धावतच सुटलेला असतो. सर्बियानं त्या सामन्यात ३९ थ्री-पॉइंटर मारले, १५ पडले. २४ हुकले. जोवर पडत होते तोवर अमेरिकेला चेंडू दर वेळी बेसलाइनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) बाहेरून आत घ्यावा लागत होता, सर्बियाचे पाचजण मागं जाऊन उभे राहत होते. पडायचे थांबले तसं अमेरिकेला पळायला मोकळं रान मिळत गेलं. म्हणजे बँकवाल्याचा आटलेला हल्ला हेच सरांच्या फुटलेल्या बचावाचं एक कारण. हे मी सांगितलं तेव्हा दोघांनाही ते आवडलं नाही. भांडणाऱ्या दोन माणसांना तुम्ही एकच गोष्ट बोलताय असं सांगणं फारसं कोणाला रुचत नाही.

दुसरी एक गोष्ट त्या कागदांवर सापडली, आणि ती मला आजही त्या सामन्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. "करीला अडवता आलं नाही म्हणून हरले" हे आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलं होतं. करीनं पहिल्या क्वार्टरमध्येच १७ गुण केले होते. त्या क्वार्टरमध्ये अमेरिकेचे एकूण गुण २३. म्हणजे बाकी सगळ्यांचे मिळून सहा! आणि ते क्वार्टर सर्बियानं आठ गुणांनी जिंकलं. करी पेटलेला असताना सर्बिया पुढे जात होता, कारण करी सोडून कोणाला काही करता येत नव्हतं. उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये करीचे १९, आणि इतरांचे ५३. सामना फिरला तो लेब्रॉन, एम्बीड, ड्युरँट हेही खेळात आले तेव्हा. एकट्या माणसाला अडवण्याचा प्रश्नच नव्हता तो. बाकीच्या चौघांना किती वेळ गप्प ठेवता येतं हा होता, आणि दमलेल्या पायांनी चाळीस मिनिटं ते जमलं नाही. मागच्या बाकावरून येणारा ताजा माणूस अमेरिकेकडे कायम होता. त्यावर सर्बियाकडे काही धडा आहे का? लोकसंख्या वाढवा, एवढाच.

तीन, तीस, सव्वीस, सव्वीस, चार

मी तरीही शेवटच्या दोन मिनिटांना चिकटून होतो. माझा युक्तिवाद असा: इतक्या मोठ्या संघाच्या इतकं जवळ गेलो म्हणजे पातळी गाठली, आता फक्त शेवट शिकायचा राहिला. भाच्यानं त्यावर एक कागद पुढे सरकवला. त्यावर पाच आकडे होते.

२०१६, रिओ ऑलिंपिक, गटातला सामना: अमेरिका ९४, सर्बिया ९१. जोकिच तेव्हा पोरसवदा होता, त्यानं २५ गुण केले. अगदी अखेरीस बोगदानोविचचा बरोबरीचा थ्री-पॉइंटर हुकला. तीन गुणांचा पराभव. माझ्या युक्तिवादानुसार पुढच्या वेळी काय व्हायला हवं होतं? पुढची वेळ नऊ दिवसांत आली, अंतिम सामन्यात: अमेरिका ९६, सर्बिया ६६. तीस गुण.

२०२४ चा उन्हाळा. ऑलिंपिकआधी अबू धाबीत सराव सामना: १०५-७९. सव्वीस. मग लीलमध्ये गटातला सामना, २८ जुलै: ११०-८४. पुन्हा सव्वीस. त्यानंतर अकरा दिवसांनी पॅरिसमध्ये चार.

"यातून पुढचा आकडा सांगा, मामा," भाचा म्हणाला.

सांगता येत नाही. तीनमधून तीस निघतात आणि सव्वीसमधून चार. सर्बिया ११ दिवसांत बावीस गुणांनी सुधारला नव्हता, आणि २०१६ साली नऊ दिवसांत सत्तावीस गुणांनी बिघडलाही नव्हता. लीलमध्येही ते लांबून भरपूर मारत होते. चेंडू आत जात नव्हता, आणि जोकिच विश्रांतीला बसला की अमेरिका सुटत होती. फरकाच्या आकड्यात संघ किती चांगला हे थोडंसं असतं, त्या रात्री रिंग कोणावर मेहरबान होती हे बरंच असतं. आम्ही मात्र त्या चारच्या आकड्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेसारखं बघत होतो.

इथं मला एक शंका होती, ती अजून आहे. मग जवळ जाणं म्हणजे काहीच नाही का? सर म्हणाले, असं कसं. चार गुणांनी हरताना सर्बियाला कळलं की जोकिच फ्री थ्रो लाईनच्या टोकाशी उभा राहून चेंडू वाटत असेल आणि चारजण थ्री-पॉइंट लाईनबाहेर पसरलेले असतील तर अमेरिकेच्या पाचजणांना कोणाला सोडायचं ते ठरवता येत नाही. तीन क्वार्टर त्यांना ते ठरवता आलं नाही. ही शिकवण खरी. पण ती ७६ गुणांत आहे, शेवटच्या पंधरात नाही. सरांनी हे शांतपणे सांगितलं, आणि मला ते पटायला लागलं तेव्हाच वहिनी बोलल्या.

"तुमच्या मुलींच्या मॅचचं स्कोअरबुक आहे ना तुमच्याकडे?"

होतं, दुकानात. झेरॉक्सवाल्याकडे कागद हरवत नाहीत. जाऊन घेऊन आलो.

आमच्या स्कोअरबुकात हुकलेले शॉट लिहायची पद्धत नव्हती, पण एका पालकानं सामना मोबाइलवर चित्रित केला होता. तो लावला. वहिनींनी फक्त एकच खूण करायला सांगितली: रिंगखाली जाऊन हुकलेला लेअप, म्हणजे पळत येऊन बोर्डला टेकवून टाकायचा शॉट. समोर कोणी नसताना किंवा जेमतेम कोणी असताना. खुणा वाढत गेल्या. पहिल्या अर्ध्यातच बोटं संपली. नऊ नंबरच्या खात्यात त्यातली एकच होती. उलट ते दोन फ्री थ्रो ज्यामुळे मिळाले, तो चेंडू तिनंच हिसकावून आणलेला होता. बाकीच्या जणी पाठीमागून चालत येत होत्या.

कोणी काही बोललं नाही. वास्कोवाल्यानं मिरची भजीची बशी माझ्याकडे सरकवली.

लेअप का हुकत होते याचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जूनपासून कोर्ट ओलं. शाळेचं सभागृह मिळतं, पण तिथं छत खाली, पंखे त्याहून खाली, आणि रिंग नाही. तीन महिने मुली व्हरांड्यात आणि सभागृहात ड्रिबल करतात, पावलं टाकतात, बचावाची सरकती चाल करतात. चेंडू बोर्डवर मारतच नाहीत. त्यामुळे पळत येऊन बोर्डच्या चौकटीत नेमका कुठं चेंडू टेकवायचा, हा अंदाज जुलैपर्यंत पुसला जातो. आणि उघडीप मिळालेल्या थोड्याशा वेळात, जेव्हा एकमेव रिंग कोरडी होती, तेव्हा मी काय करून घेतलं? फ्री थ्रो. उभं राहून.

"सर्बियानं काय केलं माहितेय ना," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवसांनी जर्मनीला दहानं हरवलं." ९३-८३. जर्मनी म्हणजे आदल्या वर्षीचा विश्वविजेता, आणि मनिलातल्या त्या अंतिम सामन्यात हरवलेला संघ सर्बियाच. जोकिचचे कांस्यपदकाच्या सामन्यात १९ गुण, १२ रिबाउंड, ११ असिस्ट. "त्या दोन दिवसांत त्यांनी शंभर शंभर फ्री थ्रो मारले असतील असं मला वाटत नाही. झोपले असतील, आणि जे चांगलं चाललं होतं तेच परत केलं असेल."

नंतर

नऊ नंबरच्या घरी मी गेलो. चतुर्थीच्या आधीचा आठवडा, त्यांच्या दारात गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी आणलेली सुपारीची कातरं नि नारळ पडलेले. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तिच्या आईसमोर ते शब्द काही नीट जमले नाहीत. मोबाइलवर तो चेंडू हिसकावल्याचा तुकडा दाखवला. ती बघत होती, तिची आजीही बघत होती. आजी म्हणाली, "हांव सांगतालेंच, ही बरी खेळता." पुढच्या सोमवारी ती आली.

सरावात बदल दोनच केले. एका पालकानं वेल्डिंगवाल्याकडून एक रिंग करून दिली, ती सभागृहाच्या भिंतीवर नेहमीच्या ३.०५ मीटरऐवजी छताला बसेल एवढ्या खाली लावली. लांबून मारता येत नाही, पण पळत येऊन टेकवता येतो. खालच्या रिंगची सवय लागेल म्हणून सरांनी नाक मुरडलं आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दुसरा बदल वहीचा. प्रत्येक सामन्यात बाकावरची एक मुलगी फक्त खुणा करते: मोकळा की बंद, रिंगखाली हुकला की नाही. आत गेला का, हा रकानाच नाही. सुरुवातीला त्यांना तो नसण्याचा फार राग यायचा.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस हटल्यावर, त्याच मडगावकडच्या संघाशी पुन्हा गाठ पडली, उघड्या कोर्टावर. आम्ही नऊ गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर शेजारी, जो या वेळी शेवटपर्यंत थांबला होता, माझ्याजवळ आला. "गेल्या टायमाला तीननं, आता नऊनं. मागं गेलात मरे तुम्ही." मी त्याला वही दाखवायला गेलो. रिंगखालच्या खुणा जुलैच्या निम्म्याहूनही कमी होत्या. त्यांची एक मुलगी लांबून मारत सुटली होती, आमच्या मुलींचे हात समोर असताना, आणि चेंडू पडत होता. तिचे शॉट आमच्या वहीत एकजात 'बंद' म्हणून लिहिले होते. शेजाऱ्यानं वही उलटसुलट करून बघितली.

"यात गुण कुठं लिहिलेत?" त्यानं विचारलं.

वही त्या दिवशी नऊ नंबरकडे होती. पाच फाउल होऊन ती शेवटची काही मिनिटं बाहेर बसली होती. तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, पेन कानामागे खोचलं आणि पाणी प्यायला गेली.